लांजी महाराष्ट्रात असती तर : कालप्रवासाची इतिहासकथा कशी लिहावी

घडून गेलेली एखादी घटना वेगळी घडली असे गृहीत धरून तिच्यापुढचा काळ कल्पनेने, पण तर्काला धरून रचणाऱ्या कथेला पर्यायी इतिहासकथा म्हणतात, आणि ज्या घटनेपाशी कथेतला इतिहास खऱ्या इतिहासापासून फुटून निघतो तिला वळणबिंदू म्हणता येईल. हा बदल आपोआप घडलेला दाखवता येतो, किंवा नंतरच्या काळातील एखादे पात्र मागे जाऊन तो मुद्दाम घडवते असे दाखवता येते. दुसऱ्या प्रकारात लेखकाचे काम दुप्पट होते, कारण इतिहासातील कार्यकारणाची साखळी सांभाळत असतानाच त्याला कालप्रवासाचे स्वतःचे नियमही पाळावे लागतात. मध्य प्रदेशातील बालाघाट आणि त्याला लागून असलेल्या महाराष्ट्रातील गोंदिया-भंडारा पट्ट्यातील मराठी लेखकाला या प्रकारात लिहायचे असेल, तर वळणबिंदू कोणता घ्यावा, तो कसा तपासावा आणि बदलाचे परिणाम कुठवर न्यावेत, हा या लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकाची या प्रकाराशी ओळख बहुधा जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने झालेली असते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, की जेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांवर झाडलेली गोळी त्यांना न लागता निसटून गेली, मराठे पानिपत जिंकले आणि ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानावर राज्य करणे जमले नाही. ही कथा लक्षपूर्वक वाचणाऱ्याला असे आढळेल की गंगाधरपंत भूतकाळात जात नाहीत आणि काही बदलतही नाहीत; ते काळाच्या दुसऱ्या शाखेतील वर्तमानात अल्पकाळ वावरून परत येतात आणि पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान तेवढे त्यांच्याजवळ उरते. तरीही नवलेखकाला या कथेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मराठ्यांचा विजय तिच्यात थोडक्यात आटोपला आहे. वाचकाचा विश्वास बसतो तो मुंबईच्या वाटेवर लागणाऱ्या सरहद्द नावाच्या स्टेशनावर परवाने तपासले जातात तेव्हा, आणि मुंबई शहर मराठ्यांकडून भाडेपट्ट्याने घेऊन इंग्रज अजूनही तेथे बसले आहेत हे कळते तेव्हा. इंग्रज हरले म्हणून ते नाहीसे झाले नाहीत, व्यापारी म्हणून शिल्लक राहिले, हा नारळीकरांचा निर्णय कथेतील सर्वांत शहाणपणाचा आहे, कारण जिंकलेल्या जगात काय उरले याचा विचार त्यात झालेला दिसतो.

मात्र खुद्द वळणबिंदूवर एक आक्षेप घेता येतो आणि तो समजून घेणे नवलेखकाच्या फायद्याचे आहे. पानिपतावरच्या मराठी छावणीची रसद १७६० च्या अखेरीस तुटली होती. दुआबातून धान्य आणि पैसा पोहोचवण्याची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि १४ जानेवारीला मराठे लढाईला बाहेर पडले ते उपासमार असह्य झाली म्हणून. विश्वासरावांची गोळी चुकवली तरी घोड्यांच्या आणि माणसांच्या पोटातली भूक चुकत नाही. तेव्हा कालप्रवासी पात्राला पानिपताचा निकाल फिरवायचाच असेल, तर त्याने विश्वासरावांच्या हत्तीजवळ जाण्यापेक्षा काही आठवडे आधी गोविंदपंतांच्या छावणीत जाऊन त्यांना सावध करणे अधिक तर्कशुद्ध ठरेल. गोळी ही घटना आहे, उपासमार ही परिस्थिती आहे. या प्रकारच्या बहुतेक मराठी प्रयत्नांत घटना बदलली जाते आणि परिस्थिती विसरली जाते. परिणामी राजाला जीवदान मिळते, पण जमीन, पाऊस, कर्ज, रस्ते आणि धान्याचे भाव यांचे पुढे काय झाले ते कळत नाही.

यावरून या प्रकाराचा खरा कस कशात आहे ते सांगता येते. एखादी गोष्ट बदलणे हे लेखकाच्या हातचे काम आहे, त्याला एक वाक्य पुरते. पण तो बदल झाल्यावरही ज्या गोष्टी जशाच्या तशा राहतील त्यांची यादी करणे आणि त्या का राहतील हे स्वतःला पटवणे, यासाठी मेहनत लागते आणि कथेचे वजनही त्याच मेहनतीतून येते. म्हणून लेखकाने कथा लिहायला घेण्यापूर्वी दोन कागद तयार ठेवावेत, एकावर बदलणाऱ्या आणि दुसऱ्यावर न बदलणाऱ्या गोष्टी लिहाव्यात, आणि दुसरा कागद पहिल्यापेक्षा लांब झाल्याशिवाय पहिले प्रकरण सुरू करू नये.

पानिपत, महाराष्ट्राबाहेरच्या मराठ्यांच्या मोहिमा, शिवछत्रपतींचे आयुष्य अधिक असते तर, हे विषय इतके वापरले गेले आहेत की त्यांच्यावर नवे काही उभे करायला फार मोठी तयारी लागते. बालाघाटच्या लेखकाजवळ त्याहून चांगला विषय दाराशीच आहे. तो विषय रणांगणावरचा नाही, सरकारी दप्तरातला आहे, आणि आजवर त्याला फारसा कोणी हात लावलेला नाही.

बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये मंडला, सिवनी आणि भंडारा या 3 जिल्ह्यांचे भाग जोडून तयार करण्यात आला. संदर्भ शोधणाऱ्याने येथे एक खबरदारी घ्यावी: बीड-लातूरकडच्या बालाघाट डोंगररांगेविषयीची माहिती याच नावाखाली सापडते आणि नवख्याच्या टिपणांत ती सहज मिसळते. नव्या जिल्ह्याच्या निर्मितीमागे घाटावरचा, म्हणजे बैहर-परसवाड्याकडचा, विरळ वस्तीचा प्रदेश लागवडीखाली आणण्याचा हेतू होता. पहिले डेप्युटी कमिशनर कर्नल ब्लूमफील्ड यांनी वैनगंगेच्या खोऱ्यातील पोवार शेतकऱ्यांना वर नेऊन वसवण्यास उत्तेजन दिले. त्याआधी, १८१० च्या सुमारास, लछमन नाईक याने परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसवली होती अशी नोंद जुन्या गॅझेटियरात मिळते. खालच्या सपाटीवरील, आज बालाघाट जिल्ह्यात असलेल्या लांजीचा इतिहास मात्र निराळा आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात भंडारा प्रदेशाचा कारभार लांजीहून चाले आणि १८२० च्या सुमारास तो भंडाऱ्याला गेला. म्हणजे ज्या लांजीहून एकेकाळी भंडाऱ्याचा कारभार चालला, तो भाग अर्ध्या शतकाच्या आतच भंडाऱ्यापासून तोडला गेला.

१८६७ मध्ये ही रेषा आखणाऱ्यांच्या मनात भाषेचा प्रश्न नव्हता. त्यांच्यापुढे महसूल, लागवड आणि डेप्युटी कमिशनरला घोड्यावरून किती प्रदेश फिरता येईल, असे प्रश्न होते. पण डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर हे सदस्य असलेला राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला तेव्हा त्याने सर्वसाधारणपणे जिल्हा हाच एकक धरला. जुन्या मध्य प्रदेशातील बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चांदा हे 8 जिल्हे मराठी मानले गेले. आयोगाने त्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचवले होते. प्रत्यक्षात १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. उरलेल्या जिल्ह्यांबरोबर बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला, त्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला गेले. लागवडीच्या सोयीसाठी ओढलेली रेषा 89 वर्षांनी भाषेची रेषा म्हणून वापरली गेली, आणि एका कारणासाठी घेतलेला निर्णय पुढे भलत्याच कारणासाठी निर्णायक ठरणे यासारखा चांगला वळणबिंदू कादंबरीकाराला शोधूनही मिळणार नाही.

बहुतेक लेखक येथे १९५६ हेच वर्ष पकडतील. त्या वर्षी बदल घडवायचा म्हणजे आयोग, मंत्रिमंडळ, संसद, काँग्रेसमधील गट आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ या सर्वांना एकाच वेळी हलवावे लागेल, आणि एका कालप्रवाशाला ते कसे जमले हे वाचकाला पटवताना कथेची दमछाक होईल. १८६७ मध्ये मात्र एक सरकारी प्रस्ताव थोडा बदलला, म्हणजे नव्या जिल्ह्यात मंडला-सिवनीचे भाग घेतले गेले आणि भंडाऱ्याचा भाग भंडाऱ्यातच राहिला, तरी पुरे होते. निर्णय घेणारी माणसे मोजकी होती, तिकडे लोकांचे लक्ष नव्हते, आणि कागद नागपूरच्या कचेऱ्यांतून फिरत होते. वळणबिंदू निवडताना हीच कसोटी लावावी: जेथे थोडक्या माणसांच्या हातून घडलेली लहान गोष्ट पुढे मोठी झाली, ती जागा कालप्रवाशाला योग्य, जेथे लाखो माणसांच्या इच्छा एकमेकींवर आदळत होत्या, ती जागा त्याला झेपणारी नाही.

निवडलेला वळणबिंदू मग पायरीपायरीने तपासावा. लांजी भंडारा जिल्ह्यातच राहिली, तर १९५६ मध्ये ती भंडाऱ्याबरोबर गेली असती का? येथे कोणी म्हणेल की लांजी-किरनापूर भागात पोवारी आणि हिंदी बोलणारे पुष्कळ असल्याने आयोगाने तो तुकडा बाजूला काढला असता. पण गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागांतही पोवारी बोलणारा समाज मोठा आहे आणि तरी तो भाग भंडाऱ्याबरोबर अखंड गेला. त्यामुळे लांजीही गेली असती असे मानण्यास आधार आहे. दुसरा आक्षेप अधिक बळकट आहे. इंग्रजी अमदानीत बालाघाट हा नागपूर, भंडारा, चांदा आणि वर्धा यांच्याबरोबर नागपूर विभागातच दीर्घकाळ होता, म्हणजे जिल्हा वेगळा झाल्याने त्याची दिशा लगेच ठरली नव्हती. मध्ये आणखी काही घडले. डिसेंबर १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसने भाषावार प्रांतिक समित्या स्वीकारल्या आणि मध्यप्रांताची मराठी व हिंदुस्थानी अशी वाटणी झाली, हा या साखळीतील मधला दुवा आहे. त्याचा विचार न करता १८६७ वरून थेट १९५६ वर उडी मारणारी कथा जाणकार वाचकाच्या नजरेत कच्ची ठरेल. मोठ्या झालेल्या भंडारा जिल्ह्याचे विभाजन लवकर झाले असते का, याचेही उत्तर शोधावे लागेल. प्रत्यक्षात गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला, पण लांजी धरून असलेल्या भंडाऱ्यात ती मागणी आधी उठली असती असे मानणे वावगे नाही.

यानंतर न बदलणाऱ्या गोष्टींचा कागद हाती घ्यावा, आणि बालाघाटच्या बाबतीत तो फार बोलका निघतो. भूगर्भातील मँगनीजचा पट्टा नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. मनसर, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी आज महाराष्ट्रात, तर भरवेली, उकवा, तिरोडी या मध्य प्रदेशात आहेत, आणि त्या सर्व चालवणाऱ्या मॉइल या कंपनीचे मुख्यालय १९५६ च्या रेषेला न जुमानता नागपुरातच आहे. कंपनीचा वारसा १८९६ च्या एका इंग्रजी खाण-संस्थेपर्यंत मागे जातो, १९६२ मध्ये तिच्यात सरकारचा हिस्सा आला आणि १९७७ मध्ये ती पूर्णपणे सरकारी झाली. लांजी कोणत्याही राज्यात असो, या तारखांत फरक पडण्याचे कारण दिसत नाही. रेल्वेचेही तसेच. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरमार्गे जबलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची सातपुडा लाइन बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत बांधली, आणि आज रुंद रुळांची झालेली ही लाइन बालाघाट धरून रेल्वेच्या नागपूर विभागाच्या कारभारात आहे. बाघ नदीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतील रोटीबेटी व्यवहार, आजाऱ्याला नागपूरला नेण्याची रीत, वैनगंगेचा पूर आणि धानाची शेती, यांतले काहीही दप्तरातल्या कागदाने हलत नाही. काही वेळा तर रेषेमुळे एकाच गोष्टीच्या दोन झाल्याचे दिसते: चिन्नोर या सुवासिक तांदळासाठी बालाघाट आणि भंडारा यांनी दोन वेगळी भौगोलिक मानांकने मिळवली आहेत. पर्यायी जगात त्याचे एकच मानांकन असते आणि त्याच्या नावात कोणत्या गावाचे नाव घालायचे यावरून भांडण झाले असते. असे भांडण ही कथेला मिळालेली देणगी समजावी.

बदलणाऱ्या गोष्टी या पार्श्वभूमीवर आपोआप ठसठशीत होतात. पर्यायी लांजीतील मूल १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीचे पुस्तक वाचते. तेथल्या बसस्थानकावर महाराष्ट्राची लाल एसटी उभी राहते, तर प्रत्यक्षात मध्य प्रदेशाचे राज्य परिवहन महामंडळ या शतकाच्या पहिल्या दशकात बंद पडल्याने प्रवासी खासगी बसवर अवलंबून आहेत. मालगुजारांनी बांधलेल्या तलावांना भंडारा-गोंदियात ‘माजी मालगुजारी’चे आद्याक्षर जुळवून ‘मामा तलाव’ म्हणतात. लांजीकडच्या जुन्या तलावांनाही तेच नाव पडले असते आणि त्यांच्या दुरुस्तीचा अर्ज हिवाळी अधिवेशनात नागपूरला गेला असता. कचेरीतील फलकाची भाषा, दहावीच्या परीक्षेचे मंडळ, धानाला मिळणारा बोनस, नोकरीसाठी लागणारा अधिवासाचा दाखला, यांतून दोन जगांमधला फरक दाखवावा. मुख्यमंत्री कोण झाला असता या प्रश्नाने सुरुवात करणारे लेखक बहुधा तिथेच अडकून पडतात, आणि जिवंत राजकारण्यांची नावे घालून लिहिलेले असे तुकडे निवडणुकीचा हंगाम सरला की शिळे होतात.

या विषयात एक धोका आहे आणि तो टाळण्यासाठी थोडे थांबायला हवे. मराठी लेखकाची दृष्टी लांजीवर खिळली, तर बैहरकडचे लोक कथेतून गळून पडतील. घाटावर वस्ती वसवण्याचे सरकारी धोरण हे पोवार शेतकऱ्याला जमीन मिळवून देणारे होते, पण तेथे आधीपासून राहणाऱ्या गोंड आणि बैगा लोकांच्या दृष्टीने तेच धोरण वेगळे होते. जंगल तोडून, जाळून, राखेत बी फेकण्याच्या बैगांच्या शेतीला बेवर म्हणतात; इंग्रज सरकारने ती हळूहळू बंद पाडली आणि १८९० च्या सुमारास मंडला भागात बैगा चक नावाचा मर्यादित पट्टा तेवढा तिच्यासाठी ठेवला. व्हेरियर एल्विन यांचे ‘द बैगा’ हे १९३९ मधील पुस्तक या विषयासाठी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. आता प्रश्न असा की भंडाऱ्याचा भाग न मिळाल्याने नवा जिल्हा लहान आणि गरीब राहिला असता, तर बैहरकडचा वसाहतीचा वेग मंदावला असता का? आणि मंदावला असता तर बैगांना आणखी काही वर्षे मिळाली असती, की १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी तेच केले असते जे एरवीही झाले? उत्तर काहीही दिले तरी चालेल, पण ते कथेत आले पाहिजे. लांजीसाठी मागे गेलेल्या कालप्रवाशाला परतल्यावर बैहरच्या एखाद्या माणसाने विचारावे की आमच्यासाठी काय बदलले, आणि त्याच्याजवळ उत्तर नसावे, अशी रचना एखाद्या कादंबरीचा कणा होऊ शकते.

आता कालप्रवासाच्या नियमांकडे वळता येईल. भूतकाळात गेलेल्या माणसाने स्वतःच्या आजोबांचे लग्नच होऊ दिले नाही तर तो जन्मलाच कसा, आणि जन्मला नसेल तर मागे गेला कोण, हा आजोबांचा विरोधाभास सर्वांना ठाऊक आहे. त्यावर साहित्यात तीन तोडगे रूढ आहेत. पहिल्यात काळ एकच असतो आणि तो बदलतो. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेत एका फुलपाखराच्या मरणाने भविष्य बदलते ते याच नियमाने, आणि वॉर्ड मूर यांच्या १९५३ च्या ‘ब्रिंग द ज्युबिली’ या कादंबरीत गेटिसबर्गची लढाई केवळ पाहायला गेलेला इतिहासकार नकळत तिचा निकाल फिरवतो तेही याच नियमाने. दुसऱ्यात भूतकाळ बदलतच नाही, कारण प्रवाशाने तेथे जे केले ते इतिहासात आधीच सामावलेले असते. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी मांडलेले सुसंगतीचे तत्त्व याच धाटणीचे आहे. तिसऱ्यात प्रत्येक बदलाबरोबर नवी शाखा फुटते आणि जुने जग आपल्या जागी राहते. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये क्वांटम सिद्धांताचा जो अनेकविश्वांचा अर्थ लावला त्याच्याशी या तोडग्याचे नाते आहे, आणि गंगाधरपंतांच्या अनुभवाचा उलगडाही त्याच दिशेने केलेला आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये निसर्गनियम कालप्रवास होऊच देत नसावेत असे अनुमान मांडले, पण त्याची चिंता कथाकाराने करू नये. यंत्राचे विज्ञान चार ओळींत आटोपावे किंवा मुळीच सांगू नये. नियम मात्र एकच निवडावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

लांजीच्या कथेला पहिला नियम सर्वांत अधिक मानवतो, असे म्हणण्याचे कारण किंमत हे आहे. शाखा फुटत असतील तर जुनी लांजी कुठेतरी सुरक्षित आहे आणि कोणाचे काहीच गेलेले नाही. एकच काळ असेल तर १९५६ नंतर भोपाळ-जबलपूरशी जुळलेले सारे संबंध, मध्य प्रदेश शासनात नोकरी मिळाल्यामुळे झालेल्या बदल्या, त्या बदल्यांतून जुळलेली लग्ने आणि त्या लग्नांतून जन्मलेली माणसे पुसली जातात, आणि ती पुसणारा माणूस एकटाच त्यांची आठवण वागवत फिरतो. स्टीफन किंग यांच्या २०११ मधील केनेडी हत्येवरच्या कादंबरीत भूतकाळ स्वतःच बदलाला विरोध करतो अशी आणखी एक कल्पना आहे. ती या कथेत घेतल्यास १८६७ च्या नागपुरात फाइल हरवणे, घोडा लंगडणे, कारकून आजारी पडणे असे अडथळे विनोदाच्या अंगाने रंगवता येतील.

एकटा प्रवासी घेण्याऐवजी सबंध वस्तीच मागे नेण्याचाही पर्याय आहे. एरिक फ्लिंट यांच्या २००० मधील ‘१६३२’ या कादंबरीत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाचे एक खाणगाव यंत्रे, बंदुका आणि कामगार संघटनेसह सतराव्या शतकातील जर्मनीत जाऊन पडते. भरवेलीची खाणवसाहत भोसल्यांच्या राज्यात जाऊन पडली तर काय होईल, हा प्रश्न बालाघाटच्या लेखकाने एकदा तरी मनाशी खेळवून पाहावा. तिच्याजवळ स्फोटके आहेत, पंप आहेत, ड्रिल चालवणारे हात आहेत. पण डिझेल काही आठवड्यांत संपेल, वीज पहिल्याच दिवशी जाईल, आणि मँगनीजचा ढीग विकत घेणारा पोलादाचा कारखाना जगात कुठेच नसेल. एल. स्प्रेग डी कॅम्प यांच्या ‘लेस्ट डार्कनेस फॉल’मध्ये सहाव्या शतकातील रोमला पोहोचलेला नायक सुरुवात दारू गाळण्यापासून आणि हिशेबाच्या नव्या पद्धतीपासून करतो, कारण त्याला त्या काळी जे विकले जाईल तेच विकायचे असते. तेवढा व्यवहारीपणा आपल्या पात्रातही असावा.

पात्र निवडताना शास्त्रज्ञापेक्षा निवृत्त पटवारी, भूमी अभिलेखातील कर्मचारी किंवा मोडी वाचता येणारी संशोधक विद्यार्थिनी अधिक उपयोगी पडेल, कारण १८६७ मध्ये तिला पहिल्या दिवसापासून कागद वाचता आले पाहिजेत. तिच्या प्रवासाचे तपशील खरे असावेत. जीआयपी रेल्वेची गाडी नागपूरला त्याच वर्षी पोहोचली, त्यामुळे मुंबईहून नागपूरपर्यंत आगगाडीने येता येईल. पुढे भंडारा-लांजीची वाट बैलगाडीची किंवा घोड्याची, कारण नागपूरहून गोंदियावरून छत्तीसगडकडे जाणारी लाइन १८८० च्या सुमारास झाली. सर रिचर्ड टेंपल हे १८६२ पासून मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त होते आणि १८६७ मध्येच ते पद त्यांनी सोडले, हा खांदेपालट प्रस्ताव रेंगाळवायला सोयीचा आहे. भोसल्यांचे राज्य डलहौसीने तिसऱ्या रघूजींच्या १८५३ मधील मृत्यूनंतर खालसा केले होते, तेव्हा राज्य पाहिलेली माणसे अजून हयात आहेत आणि ती बोलतात याचे भान असावे. चार्ल्स ग्रँट यांचे मध्यप्रांताचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि सी. ई. लो यांचे बालाघाट गॅझेटियर १९०७ मध्ये. पहिले कथेच्या काळाच्या लगत आहे म्हणून आधी ते वाचावे, आणि दोन्ही वाचताना लिहिणारा महसुलाच्या नजरेने पाहतो आहे हे विसरू नये.

दिवाळी अंकासाठी लिहायची कथा असेल तर दीडशे वर्षांचा पर्यायी इतिहास तिच्यात ओतण्याचा मोह आवरावा. बदललेल्या लांजीतला एकच दिवस घ्यावा, तोही शक्यतो बाजाराचा, आणि वाचकाला फरक हळूहळू जाणवू द्यावा. नकाशा, सनावळी आणि आयोगाचे अहवाल लेखकाच्या टेबलावर राहू द्यावेत. जिल्ह्यातील अलीकडच्या नक्षली हिंसेत गेलेल्या माणसांचे मृत्यू वळणबिंदू म्हणून वापरू नयेत, त्यांचे आप्त त्याच गावांत राहतात. लिखाण झाल्यावर ते बाघ नदीच्या दोन्ही काठांवरच्या वाचकांना द्यावे, एक रजेगावकडचा आणि एक गोंदियाकडचा, आणि कोणत्या तपशिलावर दोघेही एकाच वेळी हसतात ते पाहावे. तो तपशील चुकलेला असण्याची शक्यता मोठी असते. कथेच्या शेवटी अर्ध्या पानाची टीप छापून १८६७ मध्ये प्रत्यक्षात काय झाले आणि कथेने कोणता कागद बदलला, एवढे सांगावे.